तिथं आपलं कोण आहे?

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला परमुलखात जायला पूर्वी बोटीत बसावं लागत नसे. सोलापूर गाठलं की झालं. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थानावर केलेल्या पोलीस ॲक्शनपर्यंत आपला सगळा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तुळजापूरपासून अवघ्या 45 किलोमीटरवरचं सोलापूर इंग्रजी मुलखात. बार्शीसुद्धा तिकडचीच. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, मालावर जकात आणि नाणंही वेगळं. आपल्याकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. शंभर कलदार घ्यायला हालीचे 116 रुपये 10 आणे 8 पै मोजावे लागत. नवल असं, की राजधानी आपली हैदराबाद, पण आगगाडीनं तिकडं जायचं तरी आधी सोलापूर गाठायचं आणि तिथून वाडीमार्गे पुढं जायचं.

अशा काळात गाव सोडायची वेळ आली की घरात पहिला प्रश्न निघायचा, ‘तिथं आपलं कोण आहे?’ पैसे, कपडे, शिदोरी सगळं त्यानंतर. कोणी तरी असेल तर जायचं. नसेल तर ज्याचं कोणी असेल त्याच्याकडून चिठ्ठी आणायची आणि मग निघायचं.

आमच्या आबांचं सोलापुरात ‘कोण’ म्हणजे त्यांचा माल विकून देणारे आडते. आबा ज्वारी, शेंगा, कधी कापूस गाडीत भरून न्यायचे. रात्रीचा प्रवास, पहाटे पेठेत गाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची आणि आडत दुकानाच्या माडीवर वळकटी नेऊन ठेवायची. ही माडी म्हणजे त्यांचं हॉटेल. लाकडी जिना, शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात पाण्याचा रांजण, खुंटीला कंदील आणि भिंतीला टेकवून ठेवलेली रिकामी पोती. भाडं नाही. सकाळी मापाडी येईपर्यंत खालच्या नळावर अंघोळ उरकायची, घरून आणलेले धपाटे आणि शेंगाचटणी खायची. दुपारी मात्र आडत्याच्या घरून आमटी-भात यायचा. मालाची पट्टी हातात पडायला दोन दिवस लागोत की चार, तोवर मुक्काम तिथंच. त्या पट्टीत आडत, तोलाई, हमाली असं सगळं कापलेलं असे. मुक्कामाचे पैसे त्यातच वळते होतात हे आबा ओळखून होते, तरी त्यांना ती माडी कधी महाग वाटली नाही. त्यांचं कारण साधं होतं. रात्री पोटात दुखलं, पैशांची थैली हरवली, घरून वाईट निरोप आला, तर त्या शहरात त्यांना नावानं ओळखणारं माणूस खालच्या मजल्यावर गादीवर बसलेलं असे.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, रझाकारांच्या धुमाकुळाच्या वर्षात तर ही ओळख जिवावरच्या कामी आली. आपल्या जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. आमच्या घरच्या बायका आणि पोरं त्याच माडीवर महिनोन्‌महिने राहिली. भारतीय फौजा सोलापूरहून निघून पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचल्या, त्यानंतर चारच दिवसांत निजाम शरण आला, मग ती मंडळी गावी परतली. त्या मुक्कामाचं भाडं कोणी मागितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

पण ही आठवण पुरती सांगायची तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आबांबरोबर गाडीवर जो गडी जायचा तो महारवाड्यातला. आबा माडीवर आणि तो थंडीवाऱ्यात गाडीखाली. ‘आपलं कोण आहे’ या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि खिशात पैसे असते तरी कोणी दार उघडलं नसतं. प्रत्यक्ष बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला हेच आलं होतं. लंडनहून परतल्यावर 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एका पारशी सराईत त्यांना पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. एवढा शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि शहरात पाठ टेकायला जागा नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. ती शाळा लोकांनी आजही जपली आहे. जुन्या मुक्कामांच्या गोडव्यात मी रमते तेव्हा मला तो गाडीखालचा गडी आठवतो आणि आठवलाच पाहिजे. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली ती याच दुःखावर. विठ्ठलाच्या दारात येऊनही ज्यांना कोणी ओसरीवर घेत नव्हतं, त्यांच्यासाठी.

हैदराबादची तऱ्हा वेगळी होती. आमचे थोरले काका शिकायला तिकडं गेले. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होतं, त्यामुळं गावाकडच्या मराठी पोराला शहर आणि भाषा दोन्ही नवी. नामपल्ली स्टेशनसमोरच्या मोठ्या सराईत पहिले दिवस काढायचे आणि मग सुलतान बाजार, काचिगुडा या भागात मराठी घर शोधायचं, ही ठरलेली वाट. त्या वस्तीत 1907 पासूनची विवेकवर्धिनी शाळा होती, 1922 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय होतं. ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचायला जाऊन बसलं की शेजारी कोणी तरी उमरग्याचं, कोणी बीडचं भेटायचं आणि रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटायचा. काका शहराच्या ऐन मध्यवस्तीत राहिले ते सोयीसाठी नव्हे, मराठी बोलणारी माणसं तिथं होती म्हणून.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि आमची राजधानी एका रात्रीत बदलली. हैदराबादची वाट सरावाची झालेल्या लोकांना आता मुंबई शिकावी लागली. मंत्रालयातली फाईल, मोठ्या दवाखान्यातली तपासणी, हायकोर्टाची तारीख, सगळं मुंबईला. औरंगाबादचं खंडपीठ 1981 मध्ये सुरू झालं, तोवर कोर्टासाठीही तिकडंच धाव. मुंबईत उतरायचं कुठं? मराठवाड्यानं यावर जो तोडगा काढला त्याला तोड नाही. तो म्हणजे आमदार निवास.

ज्यांनी तिथं रात्र काढली नाही त्यांना ते सांगून खरं वाटायचं नाही. खोलीत पलंग दोन, माणसं पंधरा. आमदारसाहेब असले तर एका पलंगावर ते, दुसऱ्यावर सगळ्यांत वयस्कर पेशंट. बाकीचे भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या टाकून, उशाला पिशवी, पिशवीत एक्स-रे नाही तर अर्जाची फाईल. उशिरा आलेला व्हरांड्यात. सकाळी पाचपासून बाथरूमला रांग, कारण दहाला सगळ्यांनाच मंत्रालयाच्या दारात उभं राहायचं असे. आकाशवाणीजवळच्या इमारतीतून मंत्रालय चालत पाच-सात मिनिटांवर. आमच्या घरचे अण्णा म्हणायचे, टाटांच्या ताजमहालापेक्षा आपली जागा मोक्याची. अण्णा तिथं झोपले, माझे भाऊ झोपले. आत येणाऱ्याला कोणत्या पक्षाचा हे विचारायची पद्धत नव्हती. तालुका विचारायचे. ‘परंड्याचा आहे का? टाक मग सतरंजी.’ कर्करोगाचा पेशंट घेऊन जाणाऱ्यांना पुढं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार झाला, तो आजही आहे. आमदार निवासांपैकी मनोरा आता पाडला, तिथं आता नवे मनोरे उभे राहताहेत. त्यांत सतरंजी टाकू देतील की नाही, याची मला मनापासून काळजी वाटते, कारण गावाकडून मुंबईला जाणारा पेशंट काही कमी झालेला नाही.

आपण पाहुणचार घेत होतो तसा देतही होतो. तुळजापूरला येणाऱ्या भाविकाला लॉज शोधावा लागत नसे. त्याच्या गावाचा, घराण्याचा पुजारी ठरलेला. वहीत आजोबा-पणजोबांची नावं काढून दाखवली की घर त्याचंच. पुजाऱ्याच्या वाड्यात चूल मांडायची, पुरणपोळीचा नैवेद्य करायचा, पहाटे कल्लोळ तीर्थावर जायचं. आता भक्तनिवास झाले, सोलापूर रस्त्याला लॉजच्या रांगा लागल्या. पुजाऱ्यांची घरं अजून आहेत, पण तरुण मंडळी अंघोळीपुरती खोली घेतात आणि दर्शन करून दुपारपर्यंत परततात.

ऐंशीच्या दशकात एसटी स्टँडसमोर लॉज आले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आता कोणाच्या ओळखीची गरज नाही. मी एका शहरात मुलाखतीला गेले होते. गाडी उशिरा पोचली. लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, ‘बरोबर कोण आहे?’ कोणी नाही म्हटल्यावर त्यानं वही मिटली. पैसे होते, नोकरीच्या मुलाखतीचं पत्र होतं, तरी खोली मिळाली नाही. ती रात्र एका ओळखीच्या बाईंच्या घरी काढली. त्या रात्री मला गाडीखालचा गडी जास्त कळला.

आता या वर्षी पुतणीच्या पदवीदानासाठी लंडनला जायचं ठरलं. सोबत जाऊबाई. घरात कोणी विचारलं नाही, तिथं आपलं कोण आहे म्हणून. पुतणीची खोली एकटीपुरती, तिथं दुसरं माणूस मावत नाही. सगळ्यांनी मोबाईल उघडले आणि हॉटेलांचे फोटो पाहायला सुरुवात केली. शेकडो हॉटेलं, प्रत्येकाला गुण, प्रत्येकाखाली अनोळखी माणसांचे अभिप्राय. जाऊबाईंना विमानतळाजवळचं स्वस्त वाटलं. मी हटून बसले की राहायचं ते गावाच्या मधोमध, स्टेशनपासून चालत. दोन बायका साठीच्या पुढच्या. रोज तास-तास गाडीत घालवून जे वाचेल ते तिकिटातच जाईल आणि दुपारी पाय दुखले तर खोलीवर येऊन पडताही येणार नाही.

शेवटी गुणांवर विश्वास न ठेवता आम्ही जुनाच मार्ग धरला. तुळजापूरच्या ओळखीतला एक मुलगा तिकडं नोकरीला आहे, त्याला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते एकाही फोटोत नव्हतं. ब्लूम्सबरी भागातली हॉटेलं म्हणजे बरीचशी जुनी घरं, जिने अरुंद, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही, म्हणून ‘लिफ्ट आहे का’ हे आधी विचारा. ‘एन-स्वीट’ लिहिलेलं नसेल तर संडास-बाथरूम खोलीबाहेर असू शकतं. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी बहुधा मिळत नाही, पण बॅगा सकाळीच ठेवून घेतात. खोलीत काही शिजवायला जाऊ नका, धुराची घंटा वाजते. युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी जेवण मिळतं. फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वायएमसीए आहे, भारतातून शिकायला आलेल्या मुलांच्या पिढ्या तिथं राहून गेल्या, तिथलं जेवण आपल्या तोंडाचं. पंधरा मिनिटांचा फोन, आणि आमचा आख्खा मुक्काम मार्गी लागला.

हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी होती. तिनं पासपोर्ट पाहिले, किल्ली दिली. बरोबर कोण आहे, कुठल्या जातीचे, कोणाची चिठ्ठी आणली, काही नाही. खोली लहान, गादी चांगली, खिडकीतून समोरच्या घरांच्या चिमण्या दिसायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही किंग हेन्रीज रोडला गेलो. 1921-22 मध्ये शिकताना बाबासाहेब तिथल्या 10 नंबरच्या घरात राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. बडोद्यात ज्यांना सराईतून बाहेर काढलं, त्यांना या परक्या गावात भाड्यानं खोली मिळाली होती. जाऊबाई त्या दारापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

माझं मत विचाराल तर आजचं बरं आहे. पैसे मोजले की दार उघडतं आणि एकट्या बाईलाही उघडतं, ही मोठी गोष्ट आहे. आडत्याची माडी मला परत नको, कारण ती सगळ्यांसाठी नव्हती. पण माडीखाली बसलेलं ते ओळखीचं माणूस मात्र हवं आहे, आणि ते मोबाईलवरच्या गुणांत मिळत नाही.

म्हणून पुण्यात, मुंबईत, लंडनला, दुबईला स्थिरावलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना एक विनंती आहे. गावाकडून कोणी विचारलं, की आम्ही येतोय, कुठं उतरावं, तर नुसती लिंक पाठवू नका. घरी ठेवून घ्या असं म्हणत नाही, तुमच्या घरांची अडचण आम्हाला कळते. पाच मिनिटं बोला. लिफ्ट आहे का, स्टेशन किती लांब, रात्री परतताना रस्ता कसा आहे, जवळ दवाखाना कुठं, एवढं सांगा आणि तुमचा नंबर त्यांच्याकडं कागदावर लिहून असू द्या.