मागच्या दाराला पाठवलेली माणसं

२०१५ सालची गोष्ट. ताईच्या नोकरीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. आमचं गाव कळमनुरी तालुक्यात. हिंगोलीची शेवटची गाडी निघून गेली होती, म्हणून माझ्या फोनवर यूसी ब्राउझरमध्ये साइट उघडली. क्षणभर अर्ज दिसला आणि लगेच दुसरंच पान आलं : तुमचा ब्राउझर चालणार नाही, संगणकावरून अर्ज भरा. मागे गेलो, पुन्हा तेच. रात्री बारापर्यंत आम्ही तेवढंच करत बसलो.

सकाळी हिंगोलीतल्या ऑनलाइन सेंटरवाल्या दादाने माझाच फोन घेतला आणि मेनूत ‘डेस्कटॉप साइट’वर टिक केली. पान निमूट उघडलं. त्यावर लिहिलं होतं, मुदत संपली आहे. ताई काही बोलली नाही. परतीच्या गाडीतही नाही.

फोन तोच होता, नेट तेच होतं. बदललं होतं फक्त सांगितलेलं नाव. हे मला पुढे कॉलेजात कळलं. पान मागताना ब्राउझर आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. ती वाचून साइट कुणाला आत घ्यायचं, कुणाला दुसऱ्या पानावर पाठवायचं, ते ठरवते.

म्हणून ब्राउझरही खोटं बोलायला शिकले. १९९४ साली आलेला नेटस्केप स्वतःला ‘मोझिला’ म्हणवायचा. साइट्स ते नाव पाहून चांगलं पान देऊ लागल्या, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव लावलं. २००८ साली आलेला क्रोम आजही ओळख देताना सुरुवात ‘मोझिला’नेच करतो.

नाव पाहून मागे पाठवणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. नर्सीचे नामदेव महाराज औंढ्याला नागनाथासमोर कीर्तन करत होते, तेव्हा जात पाहून त्यांना देवळामागे जायला सांगितलं, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो.

आता मी पुण्यात वेबसाइट बनवतो. एकदा कामात सांगितलं गेलं, जुन्या ब्राउझरवाल्यांना ‘अपडेट करा’ या पानावर पाठव. पाच ओळींचं काम. करून टाकलं आणि कौतुकाने आबांना लिंक पाठवली. त्यांचा फोन आला, “अरे, हे तर मला दारातच उभं करायलंय. अपडेट करावं तर फोनमध्ये जागा नाही म्हणतंय.”

त्या रात्री मी त्या पाच ओळी काढल्या. आता आमची साइट नाव विचारत नाही, तुला हे जमतं का, एवढंच बघते. एखादी सोय जमली नाही तर तेवढीच गाळते, अर्ज मात्र समोर ठेवते. मला दोन दिवस जास्त लागले.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, “तेव्हा कुणाला दोन दिवस जास्त लागले असते, तर बरं झालं असतं.”