तळ्याकाठचं हळदी-कुंकू

आपल्या घरी हळदी-कुंकू चैत्रात असतं आणि संक्रांतीला असतं. इंदूरच्या तळ्यांवर ते आषाढ-श्रावणात असतं. हळदी-कुंकू हे एका रानबदकाचं मराठी नाव आहे. चोच काळी, चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक लाल ठिपका. इकडचे हिंदी भाषक त्याला गुगराल म्हणतात. माझ्या आजीला मी मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अरे, ही तर सवाष्ण दिसते!" त्यानंतर आमच्या घरात या बदकाला दुसरं नाव उरलं नाही.

आम्ही तुकोगंजातले, नाथ मंदिराच्या बाजूचे. माझं काम सॉफ्टवेअरचं. परदेशी क्लायंटमुळे बऱ्याचदा रात्री जागावं लागतं, आणि बदकांची गोडी मला त्या जागरणातूनच लागली. पावसाळ्यात रात्री दीड-दोनला गच्चीवर पाय मोकळे करायला गेलो की कधीकधी ढगांखालून बारीक दुहेरी शिट्टी ऐकू येते. एक थवा शिट्ट्या घालत पुढे जातो आणि पुन्हा शांतता. हे अडई बदक. ते दिवसा पाण्यावर किंवा झाडावर विसावतं आणि रात्री चरायला बाहेर पडतं. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्याकडे किंवा ओल्या शेताकडे जाताना त्याची वाट आपल्या घरांवरून जाते. खाली आपण पंखा लावून झोपलेले असतो.

तुकोगंजातून सिरपूर तळं फार लांब नाही. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, रीगल, राजवाडा, गंगवाल बसस्टँड, पुढे धार रोड, की पोहोचलो. येताना पोहे-जलेबी. होळकरांच्या काळात पाण्यासाठी बांधलेलं हे तळं पावसाळ्यात भरलं तरी जेमतेम दोन मीटर खोल होतं. दुसरा मोठा जलाशय यशवंत सागर, हातोदच्या बाजूला, गंभीर नदीवर. तो आजही शहराला पाणी देतो, आणि मध्य भारतात सारस क्रौंचांचा तो एक मोठा आधार मानला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये ही दोन्ही ठिकाणं रामसर यादीत गेली. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर यांना 'वेटलँड सिटी' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात हा मान मिळवणारी ही पहिलीच दोन शहरं. तेव्हा आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडाले होते, आठवत असेल.

रामसर हे इराणमधलं एक गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे पाणथळ जागांचा करार झाला, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या कराराच्या मूळ नावातच 'विशेषतः पाणपक्ष्यांचा अधिवास म्हणून' असे शब्द आहेत. म्हणजे जो शिक्का आपण अभिमानाने मिरवतो, तो मुळात बदकांच्या घरासाठी आहे. मग ते घर नेमकं असतं कुठे, हे पाहायला हवं.

आपण तळ्याकडे पाहतो तेव्हा आपल्याला पाणी दिसतं. बदकाला तिथे जुन्या वाड्यासारख्या खोल्या दिसतात. वीतभर पाण्यात, गाळात चोच घालून थापट्या खातो. त्याची फावड्यासारखी चोच चाळणीचं काम करते. त्याहून थोड्या खोल पाण्यात तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि लांब मान तळापर्यंत पोहोचवतं. लालसरी बुडी मारते, तिला आणखी खोल पाणी चालतं. कमळ आणि शिंगाड्याच्या पानांत इवलंसं काणूक फिरतं. ते जगातल्या सर्वांत लहान बदकांपैकी एक. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी सगळीकडेच दिसतो. तो बदक नाही, पण बदकांच्या दिंडीत असतो. तळ्याचा उतार सावकाश असेल तर या सगळ्या खोल्या मिळतात. काठ सरळ खाली उतरणारा केला की वाड्याची एकच मोठी खोली होते आणि बाकीची भाडेकरू मंडळी निघून जातात.

यातली थापट्या, तलवार बदक, लालसरी ही पाहुणी. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, मार्चच्या सुमारास परततात. त्यांची अंडी-पिल्लं मध्य आशियात आणि सायबेरियात होतात. साहित्यात विरहाबद्दल प्रसिद्ध असलेला आपला चक्रवाकसुद्धा लडाख-तिबेटच्या उंच भागात कड्यांच्या कपारीत अंडी घालतो. आपण पाहतो ते त्याचं हिवाळी बिऱ्हाड.

हळदी-कुंकू, अडई, काणूक आणि नकटा ही चार मात्र इथलीच. (नकट्याची गंमत अशी की नराच्या चोचीवर चांगला मोठा उंचवटा असतो आणि विणीच्या दिवसांत तो आणखी फुगतो, तरी नाव नकटा!) यांची वीण पावसात होते. कारण साधं आहे. पिल्लांना वाढायला किडे, अळ्या, गोगलगायी लागतात, आणि ते सगळं पहिल्या दोन-तीन पावसांनंतर काठच्या उथळ पाण्यात पैदा होतं.

आता खरी गोष्ट. बदक पाण्यात जगतं, पण अंडी पाण्यात घालत नाही. हळदी-कुंकवाची मादी काठाजवळच्या दाट गवतात जमिनीवर घरटं करते. रोज एक अशी साधारण आठ ते बारा अंडी. सगळी घालून झाल्यावरच ती उबवायला बसते, म्हणजे पिल्लं एकाच वेळी बाहेर येतात. स्वतःच्या छातीची मऊ पिसं काढून ती घरट्यात अंथरते आणि चरायला जाताना तीच अंड्यांवर ओढून ठेवते. उबवायला साडेतीन आठवडे. पिल्लं जन्मल्यावर एखाद्या दिवसात आईमागे पाण्यात उतरतात, पण उडायला त्यांना आणखी सात-आठ आठवडे लागतात. हिशेब करा: दहा दिवस, साडेतीन आठवडे आणि वर दोन महिने. आषाढात घरटं केलं तर अश्विन उजाडतो. तेवढे तीन-साडेतीन महिने तिला गवत हवं असतं, आणि त्या गवतात कुत्रा नको असतो.

काणूक आणि नकटा झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. अडईही ढोली पसंत करते, नाहीतर कावळ्या-बगळ्याचं जुनं घरटं वापरते किंवा गवतात सोय करते. ढोलीतली पिल्लं उडता येत नसताना उंचावरून सरळ खाली उडी घेतात. कापसासारखी हलकी असल्याने त्यांना काही होत नाही. पण ढोली तरुण झाडाला नसते. त्यासाठी म्हातारा आंबा लागतो, वठलेली फांदी लागते, जे आपण 'धोकादायक' म्हणून आधी पाडतो. त्या बदल्यात लावलेल्या दहा रोपांत ढोली व्हायला कित्येक दशकं जावी लागतात.

इथे मला आपल्या शहराविषयी बोलायचं आहे. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, आणि ते आपण सगळ्यांनी कष्टाने कमावलंय. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला आमच्या गल्लीतली चार वर्षांची मुलंही शिकली. पण या सवयीची एक बाजू अशी की आता आपल्याला वाढलेलं गवतही कचरा वाटतं. काठाचा चिखल, लव्हाळी, वठलेलं झाड दिसलं की 'मेन्टेनन्स नाही' असं आपण म्हणतो. फिरायला येणाऱ्यांना दगडी पिचिंग हवं असतं, फरशीचा रस्ता, दिवे, सेल्फी पॉइंट हवा असतो. ही मागणी आपलीच असते. आणि ज्या काठाला आपण नीटनेटका म्हणतो, त्यावर हळदी-कुंकवाला घरटं करायला हातभर जागा नसते.

पाण थळ जागांचे २०१७ चे नियम याबाबत बरेच स्पष्ट आहेत. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होड्यांचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम करता येत नाही. हे ५० मीटर कागदावर मोकळी जागा दिसतात. बदकासाठी ते बाळंतिणीची खोली आहेत.

आणखी एक अडचण माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच दिसते, ती म्हणजे मोजमापाची. आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते. तेव्हा पाहुण्यांचे हजारांनी थवे असतात, दुर्बिणी असतात, शाळांच्या सहली असतात. ती गणना हवीच. पण जानेवारीच्या आकड्यात श्रावणातलं घरटं दिसत नाही. हिवाळ्यात तळं बदकांनी भरलेलं असूनही तिथे एकही पिल्लू जन्मलं नाही, असं होऊ शकतं. आमच्या कामात एक गोष्ट पक्की शिकवतात: जे मोजलं जात नाही, ते बिघडल्याचं कोणाला कळत नाही.

म्हणून मी दोन वर्षांपासून पावसाळ्यात जातो. थंडीत काठावर जागा मिळत नाही, पावसात मी, छत्री आणि एखादा मासेमार. गेल्या ऑगस्टमध्ये लव्हाळ्यांतून एक हळदी-कुंकू बाहेर आलं आणि त्याच्यामागे नऊ पिल्लं, काळपट-पिवळी, एका रांगेत. पुढच्या रविवारी सहा दिसली, त्यानंतर चार. मुंगूस, घार, साप, मोकाट कुत्री, सगळ्यांचा त्यात वाटा असणार. चार उडाली तरी आईने बाजी मारली असं समजायचं. ही नोंद मी ई-बर्डवर केली. तिथे घरटं, पिल्लं यांसाठी वेगळी खूण करता येते, आणि ती कोणीही करू शकतं.

मंडळी, पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन एकदा जरूर जा. सकाळी लवकर जा, रस्ता सोडून गवतात उतरू नका, पाळलेला कुत्रा घरी ठेवा, पाव-बिस्किटं टाकू नका. घरटं दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. आई उठली की अंडी थंड पडतात आणि कावळ्याला पत्ता कळतो. आणि पुढच्या वेळी तळ्याच्या सुशोभीकरणाची चर्चा निघाली, नगरसेवक सूचना विचारायला आले, तर एवढंच सांगा: एका बाजूला हवा तो रस्ता करा, पण दुसऱ्या बाजूचं गवत दिवाळीपर्यंत कापू नका आणि वठलेलं झाड उभं राहू द्या. याला बजेट लागत नाही. आजीच्या भाषेत सांगायचं तर, सवाष्ण दारी आली आहे, तिला बसायला जागा द्या.