वाढोण्याची एक रात्र

हिमायतनगर हे नाव कागदोपत्री. मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या गाडीत एखाद्या म्हाताऱ्या उतारूला विचारा, तो अजूनही ‘वाढोणा’च म्हणेल. भोकर मागे पडले, की दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची वावरे लागतात. परमेश्वराचे देऊळ, महाशिवरात्रीची मोठी यात्रा आणि मराठी, दखनी व तेलुगू अशा तिन्ही बोली कानी पडणारा बाजार, एवढीच या गावाची माझी ओळख. पण १४ जानेवारी २०२५ रोजी मी तेथे उतरलो तो देवदर्शनासाठी नव्हे, एका माणसाचे गाणे ऐकण्यासाठी.

हा माणूस म्हणजे एक वृद्ध शाहीर. स्वतः गाणी रचायची, स्वतःच चाली बांधायच्या आणि गावोगाव गात हिंडायचे, असा त्यांचा उभा जन्म गेला. त्यांची बायको मागे उभी राहून झील धरी. ती गेली आणि त्यांनी पेटी बंद करून माळ्यावर टाकली. दहा वर्षे गळ्यातून सूर नाही. यंदाच्या थंडीत मात्र ते पुन्हा गावे घेत निघाले आहेत, असे माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले. “सर, वर्गात तुम्ही आम्हाला पोवाडा शिकवता. एकदा ऐकायला या की,” तो म्हणाला. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे बोल लागायचे ते लागलेच.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजीने हातावर तिळगूळ ठेवला, गरम भाकरी वाढली. शाहिरांची गाणी तुम्हाला येतात का, असे विचारले तर म्हणाली, “येतात म्हंजे? निंदता-खुरपताना तीच तर म्हणलो आम्ही.”

तो दिवस संक्रांतीचा होता, तसाच नामविस्तार दिनाचाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळात झाला तो २७ जुलै १९७८ रोजी. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे दलित वस्त्यांनी कशी काढली, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. घरे जळाली, माणसे गेली. त्या दिवसांत वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांपर्यंत बातमी पोहोचली ती गाण्यांतून.

त्या परंपरेचे थोरले नाव वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पुढे २००४ साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी हजारो गीते रचली आणि महाराष्ट्राची खेडीपाडी पायांखाली घातली. आमचे शाहीर स्वतःला त्यांच्या वाटेवरचा वारकरी म्हणवतात.

रात्री नऊ वाजता ते उभे राहिले. अंगात जुना कोट, गळ्याला मफलर. पहिल्याच गाण्यात ध्यानात आले, की आवाज गेला आहे. वरच्या सुराला तो चिरके, मग ढोलकीवाला पोरगा ठेका जरा मोठा करून ती उणीव झाकून घेई. पुढे बसलेली तरुण मुले मोबाईलवर चित्रण करीत होती. कुणी दहाची नोट आणून पेटीवर ठेवी. मला वाईट वाटू लागले. काही गळे मिटलेलेच बरे, असा एक विचार, खोटे कशाला बोलू, मनात येऊन गेला.

मग त्यांनी नामांतराचे गाणे धरले. त्यात जीव गमावलेल्यांची नावे ओवलेली आहेत. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आले, १९७८ साली मारले गेलेले. आणखी एक नाव आले. पुढच्या नावापाशी शाहीर थांबले. पेटी तोच सूर धरून राहिली. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, नाव येईना.

मांडवात चारपाचशे माणसे असतील. पुढच्या रांगेतून एक बारीक, स्वच्छ आवाज आला, “गौतम वाघमारे!”

ती आजी होती. गौतम वाघमारे यांनी १९९३ साली नांदेडात याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतले होते. शाहिरांनी तिला हात जोडले. आता पुढचे कडवे येईल असे वाटले. पण त्यांनी गाणे पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केले. या खेपेला प्रत्येक नाव बायकांनी त्यांच्याबरोबर घेतले. आवाज चिरकला की नाही, हे मला सांगता येणार नाही. तो वेगळा ऐकूच येत नव्हता.

आणि मी? ते थांबले तेव्हा मलाही नाव आठवले नव्हते. नामांतरावरचे कितीतरी प्रश्न मी परीक्षेला काढले असतील. ठरावाची तारीख मला पाठ होती. माणसाचे नाव पाठ होते भाकरी वाढणाऱ्या आजीला.

कार्यक्रम संपल्यावर भेटायला गेलो. तुमची गाणी छापून काढू, असे काहीसे मी पुटपुटलो. त्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. कोटाच्या खिशातून एक वही काढून म्हणाले, “सर, तुमचं अक्षर चांगलं असंल. तेवढी नावं मोठाल्या अक्षरात लिहून द्या. उद्याच्या गावाला लागतील.”

मंडपाच्या पिवळ्या दिव्याखाली मी लिहायला बसलो. शेजारी आजीला बसवून घेतले. ती एकेक नाव सांगत गेली आणि मी लिहीत गेलो.