डब्यातली पॉलिसी

माझ्या माहेरी होडी आहे असं सांगितलं की कॉलनीतल्या बायका कौतुकानं बघतात. ‘अय्या, म्हणजे हवं तेव्हा समुद्रात फिरायला मिळत असेल!’ त्यांच्या डोळ्यांपुढे पर्यटकांची रंगीत होडी असते. आमची होडी मासळीची. पंचवीस फुटी, फायबरची, मागे इंजिन लावायची. मालवणच्या किनाऱ्यावर दादाचं घर आणि घरासमोर वाळूत ती. तिच्यावर दादा, वहिनी, दोन मुलं आणि आई अशी पाच माणसं जेवतात, शिवाय दोन खलाशांची घरं चालतात. नुसतं फिरायला म्हणून मी लग्नानंतर तीत एकदाही बसलेली नाही.

त्या होडीचा विमा होता. कर्ज काढून होडी घेतली तेव्हा बँकेनंच तो उतरवायला लावला, आणि दरवर्षी खात्यातून हप्ता परस्पर कापला जाई. कागद वहिनीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्ड आणि मुलांच्या जन्मदाखल्यांबरोबर जपून ठेवले होते. २०१९ च्या भाऊबीजेला मी गेले तेव्हा तिने तो डबा माझ्यापुढे ठेवला. क्यार वादळाने नुकताच समुद्र खवळून गेला होता, त्यामुळेच तिला विमा आठवला असावा. “गो बाय, तू बी.ए. झालंस, जरा वाचून सांग ह्येच्यात काय लिवलाहा.”

मी दोन पानं उलटली. बारीक इंग्रजी टाइप, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. माझ्या पिशवीत सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले. मी म्हटलं, “बँकेनं केलाय म्हणजे बरोबरच असणार,” आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. वहिनीनेही मग विषय काढला नाही. शिकलेल्या नणंदेने सांगितलं म्हणजे झालं!

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. कुडाळला आमच्याकडे कौलं उडाली, वीज गेली. पण माझा जीव मालवणात. तीन दिवस फोन लागेना. त्यात कोरोनाचे दिवस, रस्त्यावर पोलीस. चौथ्या दिवशी यांनी स्कूटर काढली. तासाभराचा रस्ता, आडव्या झाडांतून वाट काढत अडीच तास लागले.

माणसं धड होती. होडी मात्र बघवेना. आगोटीच्या आधी ती वर ओढून, माडाला बांधून ठेवलेली. लाटांनी तिला उचलून शेजारच्या होडीवर घातलं होतं. नाळ फुटलेली, एक बाजू हातभर चिरलेली, इंजिनात खारं पाणी. जाळी वाळूत कुठे पुरली गेली त्याचा पत्ताच नव्हता. दादा एका उपड्या टोपलीवर बसून होता. वहिनी मला बघून रडली नाही. घरात गेली आणि डबा घेऊन आली.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी ती पॉलिसी पहिल्यांदा वाचली. दीड वर्षं उशिरा. सोबत मोठ्या भाच्याची शाळेतली डिक्शनरी. पहिल्याच पानावर, चौकटीत, तीन शब्द होते आणि त्यांना डिक्शनरी लागत नव्हती: टोटल लॉस ओन्ली. म्हणजे होडी संपूर्ण गेली, बुडाली, हाती लागलीच नाही, तरच पैसे. मोडली, फुटली, चिरली याला काही नाही. असा विमा स्वस्त पडतो, म्हणून तो घेतलेला. विम्याची रक्कम तीन लाख, आणि तेही आधी बँकेचं कर्ज फेडायला जाणार, कारण कागदावर बँकेचं नाव होतं.

आणखी खाली वाचताना मला एक आशा सापडली. पूर्ण नुकसान दोन तऱ्हांचं असतं. एक डोळ्यांना दिसणारं. दुसरं हिशेबाचं: होडी दिसते समोर, पण दुरुस्त झाल्यावर तिची जी किंमत होईल त्यापेक्षा दुरुस्तीचाच खर्च जास्त असेल, तर तेही पूर्ण नुकसान धरतात. १९६३ च्या सागरी विमा कायद्यातच ही तरतूद आहे. त्यासाठी ‘होडी आम्ही तुमच्या हवाली करतो’ अशी नोटीस कंपनीला वेळेत द्यावी लागते. मी आनंदानं दादाला उठवलं. सकाळी फायबरचं काम करणारा कारागीर आला, हात फिरवून म्हणाला, एक लाख चाळीस हजार. इंजिन धरून. चांगली झाल्यावर होडी अडीच-पावणेतीन लाखांना सहज गेली असती. म्हणजे तेही दार बंद.

तेव्हा वाडीतले एक वडीलधारे काका, जे आमच्या भल्याचंच बघतात, ते हळूच दादाला म्हणाले, “अजून पंचनामो झालो नाय. चार घाव घाल कुराडीचे. वादळान काय केलान आणि तू काय केलंस, कोण बघूक येता?”

दादा काही बोलला नाही. मीही बोलले नाही, आणि मैत्रिणींनो, तेच मला सांगायचं आहे. मी मुलांना शाळेत खरं बोलावं म्हणून शिकवते. पण त्या घटकेला मी मनात वजाबाकी करत होते. तीन लाखांतून बँकेचे एवढे, उरले एवढे. ज्यांनी आयुष्यभर हप्ता भरला त्यांना एकदा पैसे मिळाले तर कुणाचं काय जातं, असंही मनात आलं. शिवाय माझ्याच हलगर्जीपणाची भरपाई त्या कुऱ्हाडीनं परस्पर झाली असती.

वहिनी माजघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “ज्या होडयेन पोरांक पोसल्यान, तिच्यार कुराड घालतल्यास?” बस्स, एवढंच. काका चहा पिऊन निघून गेले. मालकाने जाणूनबुजून केलेल्या नुकसानीला विमा मिळत नाही, आणि वर फसवणुकीचा गुन्हा, हे मी नंतर वाचलं. वहिनीला ते वाचायची गरज पडली नव्हती.

मग जे करायचं ते रीतसर केलं. पंचनामा, मत्स्य खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज, कंपनीला लेखी कळवलं. ह्यांनी होडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. त्यानंतरच दादाने इंजिन गोड्या पाण्याने धुऊन तेल घातलं. हा क्रम महत्त्वाचा. पुढचं नुकसान टाळणं हे विमा काढणाऱ्याचं कामच असतं, पण हात लावण्याआधी पुरावा हवा. पलीकडच्या एकाने सर्व्हेअर यायच्या आधीच होडी सांधून रंगवली, आणि मग काय मोडलं होतं ते सांगताना त्याची जी तारांबळ उडाली!

सर्व्हेअर महिन्याने आले, सभ्य गृहस्थ होते, होडी मापली आणि जायच्या वेळी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आशा ठेवू नका. पत्र आलं ते नकाराचंच. मी ते चार वेळा वाचलं. भांडायला जागा आहे का ते शोधत होते. अन्यायानं दावा नाकारला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्याला त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. पण आमच्याबाबतीत कंपनी खोटं बोलत नव्हती. पहिल्या पानावर चौकटीत लिहिलं होतं.

लोकपालाचा रस्ता वहिनीच्या मावसबहिणीला सांगितला. तिची होडी खरोखरच बुडाली होती, पण नोंदणी आणि पॉलिसी दोन्ही सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे वारून तीन वर्षं झालेली. हप्ते मुलगा भरत होता. वारसाच्या कागदांसाठी ती वर्षभर खेपा घालत होती. आपल्या घरात सासऱ्यांच्या नावावर काय काय अजून तसंच आहे, ते मी कुडाळला आल्यावर कपाट उघडून पाहिलं. यादी लहान नव्हती.

दुरुस्तीला वहिनीच्या पाटल्या गेल्या. सोसायटीत गहाण. मी माझ्या पगारातले साठवलेले अठरा हजार दिले. दादा घेईना, मग आईच्या हातात ठेवले. सरकारी मदत आली ती जाळ्यांना पुरली नाही. जाळी पॉलिसीत नव्हतीच. ती वेगळी सांगावी लागतात, हेही त्या रात्रीच कळलं होतं. २२ ऑगस्टला नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. मी राखी बांधायला गेले होते. नाळेवर नव्या फायबरचा ठिगळासारखा पांढरा डाग दिसत होता. दादाने मुद्दामच रंगवला नाही म्हणतो.

नव्या पॉलिसीच्या वेळी आम्ही आधीच बसलो. मोडतोडीलाही भरपाई मिळणारी घ्यायची म्हटल्यावर हप्ता जवळजवळ दुप्पट निघाला. दादा कुरकुरला. “तितक्यात एक जाळा येता.” वहिनी म्हणाली, “येऊ दे नाय तर नको येऊ दे, माझ्यो पाटल्यो सुटल्यो नाय अजून.” मग मी सगळी कलमं मराठीत एका वहीत उतरवली. दर दाव्यात पहिले काही हजार आपले आपण सोसायचे. झिजून, कुजून, जुनं होऊन गेलं तर काही नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर ठेवायची म्हटली आहे तर तेव्हा पाण्यात घालायची नाही.

वहिनी प्रत्येक ओळीला प्रश्न विचारत होती. मला वाटलं होतं ती कंटाळेल. “आणि इंजिन निखळान दर्यात पडला तर?” मी पान शोधलं. नुसतं निसटून पडलं तर मिळत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. होडीला पक्कं बांधलेलं असायला हवं.

दादा तोवर जाळं विणत बसला होता, लक्ष नाही असं दाखवत. दुसऱ्या दिवशी बाजारातून साखळी आणि कुलूप घेऊन आला.