हिरवा डोळा

नव्या वस्तूवर अविश्वास दाखविणें मनुष्यास मोठें जड जातें. जुनी बॅटरी बंद पडली, म्हणजे तिचें वय झालें असें म्हणून आपण मोकळे होतों. नवी बंद पडली, कीं दोष तिच्याकडे न जातां तिच्या भोंवतीं जें जें जुनें असेल त्याच्याकडे जातो. मोटार जुनी, तिच्या तारा जुन्या, आणि ती दुरुस्त करणारा मेस्त्री तर जुना असून गरीबहि!

आमच्या मोटारीस पुण्यांतील एका दुकानांतून नवी बॅटरी घेतली, ती पहिले तीन आठवडे इमानानें चालली. पुढें चार दिवसांत तीनदां शेजाऱ्यांस गाडी ढकलण्याची तसदी द्यावी लागली. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीस बसला, आणि हँडल मारतांना मनगट मोडून घेण्याच्या आपत्तींतून मोटारवाले हळूहळू सुटले. परंतु हँडल निदान आपल्या हातांत तरी होतें! किल्ली फिरवावी आणि आंतून नुसता 'टक्' असा आवाज यावा, यापरती अगतिकता नाहीं.

दुकानदारानें बॅटरीच्या झाकणावरील वाटोळी काच आम्हांस दाखविली. तींत हिरवा ठिपका दिसत होता. "डोळा हिरवा आहे साहेब, बॅटरी एकदम ओके. तुमच्या मेस्त्रीनें दिवे बसवितांना वायरिंगमध्यें घोळ केला असेल." मेस्त्रीनें महिन्यापूर्वीं धुक्याचे दिवे बसविले होते, ही गोष्ट खरी. आमच्यासवें आलेल्या शेजाऱ्यांनीं हें वाक्य ऐकलें, आणि आम्ही गाडी लावून वर येतों न येतों तोंच तें सोसायटीच्या जिन्यावर पोंचलें. त्या आठवड्यांत दोन कुटुंबांनीं आपल्या गाड्या त्याच्याकडून काढून दुसरीकडे नेल्या. गल्लीच्या तोंडाशीं पत्र्याच्या शेडमध्यें ज्याचा संसार चालतो, त्याच्या हिशेबीं दोन गाड्या म्हणजे थोडें नुकसान नव्हे.

आतां या हिरव्या डोळ्याची योग्यता पाहूं. शिसें आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं सिद्ध केली. आजच्या मोटारींतील बॅटरी तिचीच वंशज. हिच्यांत सहा कप्पे असतात. भरलेला प्रत्येक कप्पा सुमारें २.१ व्होल्ट देतो, व सहांचे मिळून १२.६ होतात. हिरवा डोळा म्हणजे अ‍ॅसिडांत तरंगणारी एक चिमुकली गोळी. कप्पा भरलेला असला कीं अ‍ॅसिड जड होतें, गोळी वर येते, आणि काचेंत हिरवें दिसतें. पण ही गोळी सहांपैकीं एकाच कप्प्यांत बसविलेली असते. उरलेल्या पांचांची वार्ता तिला कोण सांगणार? सहा भावांपैकीं एकाची नाडी पाहून साऱ्या कुटुंबास आरोग्याचा दाखला देणारा वैद्य आपण घरांत घेणार नाहीं. बॅटरीच्या बाबतींत मात्र आपण मान डोलावतों.

मेस्त्री दुकानदारावर रागावला नाहीं. त्यानें मीटर काढला. इंजिन चालू असतां १४.२ व्होल्ट आले, म्हणजे डायनमो ठीक. गाडी बंद करून गळती मोजली, ती अवघी ३० मिलिअँपिअर भरली. एवढ्या गळतीनें ३५ अँपिअर-अवरची बॅटरी रिती व्हावयास दीड महिन्याहून अधिक काळ लागेल. आमची एका रात्रींत निजत होती! मग त्यानें बॅटरी गाडींतून काढली, रात्रभर चार्जिंगला लावली, आणि एक दिवस कशासहि न जोडतां फळीवर ठेविली. दुसऱ्या दिवशीं मीटरनें १०.५ दाखविले. १२.६ मधून २.१ वजा जातां नेमके तितकेच उरतात.

"एक सेल मेलाय साहेब," इतकेंच तो बोलला. हिरवा डोळा अद्यापि हिरवाच होता.

त्यानें कागदावर मांडून दिलेले आंकडे घेऊन आम्ही दुकानांत गेलों. प्रथम कंपनीच्या माणसाची वाट पाहण्याचा सल्ला मिळाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों तेथेंच तक्रार करतां येते, एवढें सौम्यपणें सांगितल्यावर लोड टेस्टर बाहेर आला. चांगल्या बॅटरीनें भाराखालीं पंधरा सेकंद साडेनऊ व्होल्टच्या वर टिकावें. हिचा कांटा पांचव्या सेकंदाच्या आंतच सहावर आला. बॅटरी बदलून मिळाली. नवीची मुदत मात्र पहिल्या खरेदीपासूनच मोजली जाणार होती. म्हणजे सदोष बॅटरीनें खाल्लेले दिवसहि आमच्याच खातीं!

त्यावर आम्हीं वाद घातला नाहीं. "एक सेल सदोष, गाडीच्या वायरिंगचा संबंध नाहीं," असें पावतीवर लिहून द्या, एवढाच हट्ट धरला. कित्येक हजारांची बॅटरी बदलून देतांना दुकानदार जितका कचरला नव्हता, तितका तो या एका ओळीपाशीं कचरला. अर्ध्या तासानें त्यानें ती लिहिली व शिक्का मारला.

पावतीची एक प्रत आम्हीं सोसायटीच्या फलकावर लावली, दुसरी मेस्त्रीस नेऊन दिली. त्यानें हात पुसले, ती वाचली, आणि पान्यांच्या पेटींत तळाशीं ठेविली. दोन गाड्यांपैकीं एक पुढच्या आठवड्यांत त्याच्याकडे परत आली. दुसरी अजून आलेली नाहीं.