जमेपर्यंत

२७ ऑगस्ट १९७२. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं व्हेनेटा. अडचणीत आलेल्या एका छोट्या डेअरीला मदत म्हणून ग्रेटफुल डेड हा बँड उघड्या मैदानात वाजवायला आला. तिकिटं छापली होती डेअरीच्या दह्याच्या लेबलांवर. पारा ३७ अंशांच्या पुढे, पाणी अपुरं, आणि ऊन थेट स्टेजवर. तारा तापून गिटारी सारख्या उतरत होत्या. एक गाणं झालं की पुन्हा सूर लावणं आलंच.

डेड हा जॅम बँड. गाण्याचा सांगाडा ठरलेला, पण मधलं वाजवणं रोज नवं. आपल्याकडे बंदिश तीच असते आणि मैफल वेगळी, साधारण तसं. ऊन उतरायला लागल्यावर त्यांनी ‘डार्क स्टार’ घेतलं. त्यात गायचे शब्द मोजकेच, वाजवणं मात्र अर्ध्या तासाचं. मध्येच ताल विरून जातो, धून हरवते, नुसता गोंगाट उरतो. कोण कुठे चाललंय तेच कळत नाही. मग त्या गोंगाटातूनच सगळे एकमेकांना सापडतात, आणि शेवटी बँड अलगद एका साध्या काउबॉय गाण्यात शिरतो.

दरवेळी असं होत नाही. १९६९ला वुडस्टॉकच्या ओल्या स्टेजवर याच बँडला माइक-गिटारीतून विजेचे झटके बसले आणि वाजवणं कोसळलं. तो कार्यक्रम वाईट झाला, हे ते स्वतःच पुढे सांगत राहिले. तीस वर्षांत त्यांनी दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. श्रोत्यांना रेकॉर्डिंगची मुभा होती, त्यामुळे चांगल्या रात्रींसोबत फसलेल्याही शिल्लक आहेत.

हे सगळं माझ्या कामाचं ठरलं, कारण आम्ही चौघं दर रविवारी मित्राच्या घरामागच्या खोलीत वाजवतो. मी बेसवर. गेल्या महिन्यात आमचा ड्रमर म्हणाला, “दोन तासांतली चार मिनिटं बरी होतात यार. ती कापून रील टाकू. बाकीच्यासाठी मी कशाला येऊ?”

प्रश्न रास्त होता. तो यायचा थांबला तर आमचं वाजवणंही थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याला व्हेनेटाचं रेकॉर्डिंग पाठवलं. अख्खं. कुठून ऐकायचं ते सांगितलं नाही. ‘डार्क स्टार’ची शेवटची पाच मिनिटं मी वेगळी काढून ऐकली होती; ती नुसती छान वाटतात. आधीच्या गोंधळातून गेलं की मात्र काळीज हलतं. आपण मैफल ‘केली’ म्हणत नाही, ‘जमली’ म्हणतो. जमायला वेळ लागतो, आणि कधीकधी वेळ देऊनही जमत नाही.

पुढच्या रविवारी तो आला. रेकॉर्डिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवशीही आमचं फारसं जमलं नाही. निघताना मात्र त्याने स्टिक्स बॅगेत टाकल्या नाहीत, तिथेच ड्रमवर ठेवल्या.