पडायला शिकवणारी माणसं

बारडोलीच्या एका कॉलेजात, व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो. तिघांच्या मांडीवर फाइली होत्या. चौथ्या उमेदवाराने, म्हणजे नवापूरहून आलेल्या मुलीने, आपली फाइल बाजूला ठेवली होती आणि पायाशी टेकवलेली दोन फुगीर बारदानं ती सांभाळत होती. शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी त्याने विचारलंच, यात आहे काय?

"पाचट," ती म्हणाली.

त्याचं समाधान झालं. बारडोलीत पाचट कुणाला नवं नाही. उसाचा पट्टा हा. बाबेनच्या सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांमागे रस्त्यावर उसाची पानं उडत असतात. डिसेंबरचा महिना होता, हंगाम भरात होता.

जाहिरात चार ओळींची होती. कॉलेजच्या मुलांच्या आणि मुलींच्या फुटबॉल संघासाठी गोलकीपिंगचा कोच हवा. तासिका तत्त्वावर, आठवड्याला बारा तास. उधन्याच्या एका मित्राने ती मला मोबाइलवर पाठवली आणि मी ती तीनदा वाचली. कॉलेजं खेळाचा शिक्षक नेमतात, कधी फुटबॉलचा कोचही नेमतात. पण नुसत्या गोलकीपरसाठी वेगळा माणूस शोधणारं कॉलेज मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मामा, आमच्याकडे कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेला निराळा कोच असतो, धावणाऱ्यांचा वेगळा, चेंडू झेलणाऱ्यांचा वेगळा. त्यांचा फुटबॉल हाताने खेळायचा, तो खेळच वेगळा. आपल्या फुटबॉलमध्ये अकरा जणांत एकाच जागेला स्वतःचा कोच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच नसतो. बाकीचे दहा जण एकत्र सराव करतात आणि गोलकीपरला सांगतात, तू तिकडे उभा राहा, आम्ही शॉट मारतो.

त्या 'तिकडे'ची मापं सांगतो. दोन खांबांमधलं अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर. जवळजवळ अठरा चौरस मीटरची मोकळी भिंत, आणि तिच्यापुढे एक माणूस.

मी दोंडाईच्याचा. कॉलेजात असताना तीन वर्षं गोलात उभा राहिलो. १९९९च्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात डावीकडे झेप घेतली, चेंडू बाहेर काढला आणि कोपरावर आपटलो. जमीन काळी, वाळून दगड झालेली. कोपर दोन ठिकाणी मोडलं. आजही डावा हात पुरता सरळ होत नाही. तेव्हा सगळ्यांनी अडवलेल्या चेंडूचं कौतुक केलं. पुढे कितीतरी वर्षांनी मला उमगलं की मी चुकीचा पडलो होतो, आणि बरोबर कसं पडायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून गेली काही वर्षं मी रविवारी उधन्याच्या पोरांना पडायला शिकवतो. कोचिंगचा कागद म्हणावा तर माझ्याकडे एकही नाही. तरी अर्ज केला.

उधना ते जळगाव हा लोहमार्ग आम्हा खानदेशी लोकांची घरची वाट. उधन्याहून चलथान, बारडोली, मढी, व्यारा, सोनगड, मग नवापूर. नवापूरच्या फलाटातूनच दोन राज्यांची हद्द जाते. एका बाकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात जी लाखो मराठी माणसं राहतात, त्यांतली बरीचशी याच रुळांवरून आली. बाकावरचे आम्ही चौघंही याच मार्गावरचे होतो, हे बोलता बोलता कळलं.

लिंबायतच्या काकांनी सुरुवात केली. माझा चेहरा न्याहाळत त्यांनी विचारलं, "तुमनं गाव कोनतं?" अहिराणी ऐकून माझा जीव हलका झाला. काका साठीला टेकलेले, पंजे मात्र फावड्याएवढे. तरुणपणी मुंबईला नोकरीत असताना हारवूड लीगमध्ये गोलात खेळले. रोव्हर्स चषक, १८९१ला सुरू झालेली ती जुनी स्पर्धा, कूपरेजच्या मैदानावर त्यांनी कितीदा पाहिली. गोव्याच्या ब्रह्मानंद संखवाळकरांना तिथे समोर बसून पाहिल्याचं सांगताना त्यांचे हात आपोआप छातीशी आले, चेंडू कवटाळल्यासारखे. भारताचे कर्णधार राहिलेल्या त्या गोलकीपरला २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्यांच्या फाइलीत दोन पानं होती आणि एक फोटो.

व्याऱ्याचे सर चाळिशीच्या आतले. शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी, नेट, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम; सगळं प्लास्टिकच्या कप्प्यांत क्रमाने लावलेलं. क्रीडा संचालक पदाच्या मुलाखतीसाठी त्यांनी धावण्याची चाचणीही दिली होती. चाळिशीपर्यंतच्या पुरुषाला बारा मिनिटांत दीड किलोमीटर जावं लागतं, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम. अंतर फार नाही. पण त्यानंतर चार वर्षं जागाच निघाली नाही, आणि ही चार वर्षं ते रोज पहाटे धावत राहिले. हे ऐकल्यावर त्यांच्या जाड फाइलीकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. एस. ए. रहीम हे त्यांचं दैवत. हैदराबादचा एक शाळामास्तर भारताचा कोच होतो, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेतो, १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळवतो आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने जातो. सर हे सांगत असताना काका म्हणाले, "अंतिम सामन्यात गोलात थंगराज होता." सरांनी मान डोलावली. दोघांची तिथे गट्टी जमली.

मुलगी फारसं बोलत नव्हती. सव्वीस वर्षांची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स तिच्याकडे होतं, म्हणजे कोचिंगच्या शिडीच्या खालच्या पायऱ्यांतली एक. वर सी, बी, ए आणि प्रो. गोलकीपरच्या कोचसाठी आशियाई महासंघाचे तीन स्तर निराळे, त्यांतल्या पहिल्या स्तरासाठी ती पैसे साठवत होती. बारदानांचं विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, काल रात्री पडावावर राहिले. तिथंच भरली."

पडाव म्हणजे ऊसतोड मजुरांचा तळ. दिवाळी झाली की डांग, नंदुरबार, धुळ्याकडून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेब माणसांचा नाही, कोयत्यांचा. उन्हाळा लागेपर्यंत पालात राहायचं, पहाटे थंडीत फडात उतरायचं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोलीच्या याच पडावांवर जाऊन या माणसांचं जगणं नोंदवलं. १९२८च्या शेतसारा सत्याग्रहाने ज्या गावाचं नाव देशभर झालं, त्याच्या शिवारातली ही दुसरी गोष्ट. मुलीचे आई-वडील अठरा हंगाम इथे येताहेत. लहानपणी तीही यायची. भाऊ आणि मामेभाऊ पालांमधल्या मोकळ्या जागेत खेळायचे आणि तिला गोलात उभं करायचे, लहान म्हणून. खाली पाचटाचा थर असायचा. "लागायचं नाही. म्हणून भीती कधी बसलीच नाही," ती म्हणाली.

मुलाखतीआधी मैदानावर प्रत्येकाला वीस मिनिटं होती. कॉलेजचे दोन गोलकीपर, एक मुलगा, एक मुलगी. बघायला प्राचार्य, क्रीडाशिक्षक आणि बाहेरून बोलावलेले एक पंच.

काकांनी चेंडू हातात घेतला आणि पोरं हरखली. साठीचा माणूस, पण समोरून मारलेला शॉट असा टिपायचा की आवाजच येत नसे. "माझ्याकडं बघा," ते म्हणायचे, आणि पोरं बघत राहायची. स्वतः केल्यावर मात्र चेंडू हातातून निसटायचा आणि काका पुन्हा म्हणायचे, माझ्याकडं बघा. त्यांच्या हातांना जे येत होतं ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याजागी आणखी दहा वर्षांनी असाच दिसेन, असं सारखं वाटत राहिलं.

सरांनी शंकू मांडले, पावलांची कवायत घेतली, अँगल कसा काढायचा ते दोरी बांधून दाखवलं. दोन्ही खांबांपासून दोन दोऱ्या चेंडूपर्यंत आणल्या आणि गोलकीपरला त्या दोऱ्यांच्या मधोमध पुढे-मागे चालवलं. पुढे आलं की दोऱ्यांमधली जागा अरुंद होते, हे कॉलेजच्या मुलीला डोळ्यांनी दिसलं. ती लगेच दोन पावलं पुढे सरकली. शिकवणं म्हणतात ते हेच.

माझी वीस मिनिटं बरी गेली. गुडघ्यावर बसवून कडेला पडायला लावलं. पण जमीन इतकी कडक होती की मुलगा तिसऱ्यांदा पडायला कचरला. मी आग्रह केला नाही.

मग नवापूरच्या मुलीने बारदानं उघडी न करता तशीच आडवी टाकली, एकापुढे एक. पाचटाची पानं धारदार असतात, अंगाला कापतात. पण बारदानात ठासून भरली की गादी होते. तिने मुलाला त्यावर नुसतं बसवलं. पाय पसरून बसायचं, चेंडू छातीपुढे, आणि झाड कलंडावं तसं कडेला जायचं. आधी चेंडू जमिनीला, मग दंडाची आणि खांद्याची मागची बाजू, मग कूस. कोपर कधीच खाली नाही. कोपर चेंडूच्या मागे. दहा वेळा बसून. दहा वेळा गुडघ्यावर. मग उकिडवं. मग उभ्याने, आणि उभ्याने पडताना क्रम उलटा: नडगी, मांडी, कूस, खांदा. "मातीला एका जागी भेटायचं नाही, सगळ्या अंगानं भेटायचं," असं ती हिंदीत म्हणाली. अठराव्या मिनिटाला तिने बारदानं बाजूला ओढली आणि काहीच न बोलता उघड्या जमिनीवर चेंडू टाकला. मुलाने झेप घेतली. माझ्यासमोर जो कचरला होता, तोच मुलगा. पडला, उठला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

मी माझं डावं कोपर उजव्या हाताने धरून बसलो होतो, हे मला नंतर कळलं.

आतल्या मुलाखतीत पंचांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: गोलकीपरला चेंडू हातात किती वेळ ठेवता येतो? सर म्हणाले, सहा सेकंद, नाहीतर अप्रत्यक्ष फ्रीकिक. जुना नियम. २०२५च्या जुलैपासून आठ सेकंद झाले आणि शिक्षा म्हणून समोरच्याला कॉर्नर मिळतो. पंचांनी सांगितल्यावर सरांनी वाद घातला नाही. वही काढून लिहून घेतलं. काका म्हणाले, आमच्या वेळी आपल्याच गड्याने पायाने मागे दिलेला चेंडूही हातात घेता यायचा. तो नियम १९९२ला बदलला. मुलीने आठ सांगितले. मीही आठ सांगितले. रविवारची पोरं मला असल्या गोष्टी विसरू देत नाहीत.

जागा व्याऱ्याच्या सरांना मिळाली. संध्याकाळी साडेपाचला क्रीडाशिक्षकांनी बाहेर येऊन आम्हाला नीट बसवून सांगितलं, कागदांना वजन द्यावं लागतं. सर त्या जागेला लायक आहेत, यात मला शंका नाही. दोरीचा तो धडा मी पुढच्याच रविवारी उधन्यात घेतला. तरीही मला कुणी विचारलं असतं तर मी मुलीचं नाव सांगितलं असतं. आपल्याकडच्या मैदानांवर गवत नाही, आणि गवत नसलेल्या मैदानावर गोलकीपरला सगळ्यात आधी जे लागतं ते तिच्याकडे होतं. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांना घेऊन काम सुरू केलं. त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं आणि पुढे 'झुंड' सिनेमा आला. अशी माणसं कॉलेजच्या आवारातच असतात, म्हणून कॉलेजच्या बाकावर कोण बसलंय याला मी इतकं महत्त्व देतो.

आम्ही स्टेशनाकडे निघालो तेव्हा सर मुलीला थांबवून विचारत होते, एका बारदानात किती पाचट बसतं, ओलं चालेल का, किती दिवसांनी बदलायचं. ती बोटांवर मोजून सांगत होती. ओलं नको, कुजतं. उंदीर होतात म्हणून जमिनीवर ठेवायचं नाही, खिळ्याला टांगायचं. होळीनंतर नवं भरायचं, तोवर फड मोकळे होतात. सरांनी तेही त्याच वहीत लिहून घेतलं, आठ सेकंदांच्या खाली.

"ही दोन घेऊन जाणार ना?" मी तिला विचारलं.

"नाही काका, राहू देत. गाडीत जागा होत नाही." नवापूरची गाडी यायला वेळ होता, ती पुन्हा पडावाकडे वळली. आईला भाकरीपुरतं पीठ आणून द्यायचं होतं.

फाटकापर्यंत गेल्यावर मी मागे पाहिलं. उजेड कमी झाला होता. मैदानाच्या कडेला ती दुसरी गोलकीपर, कॉलेजची मुलगी, बारदानावर पाय पसरून एकटीच बसली होती. चेंडू छातीपुढे धरून ती कडेला कलंडली. मग उठून बसली आणि दुसऱ्या कुशीवर कलंडली.